सुभद्रेची पहिली पात

सुभद्रे, वामनरावाच्या शेतात तुझी पात आम्ही तशीच सोडून दिली.

तुझी तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निंदायला गेलो. धुऱ्यावर, शेताच्या बांधाला, सगळ्या उभ्या राहिलो, जिची तिची पात, निंदायचा पट्टा, जिला माहीत, आणि खुरपं घेऊन वाकलो. दुपारी मागं वळून पाहिलं तर धुऱ्याला लागून गवताचा एक लांब पट्टा जसाच्या तसा. बाकी रान स्वच्छ. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला बोललं नव्हतं. तुझी जागा सोडून आम्ही उभ्या राहिलो होतो एवढंच.

वामनराव, ज्याचं शेत तो, बैल सोडून आला आणि पाहत राहिला.

"हे कायले ठेवलं वो? ढोरं चाराले?"

"ते सुभद्राबाईचं हाय," आमच्यातली नर्मदा म्हणाली.

"सुभद्राबाई तं गेली ना बाप्पा."

"गेली. पन पात तिचीच हाय."

वामनरावानं डोकं खाजवलं आणि निघून गेला. मेलेल्या बाईशी भांडायला कोण उभं राहतं? इकडं दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना वाटलं, ही फार मायेची गोष्ट झाली. मला नर्मदीचा राग आला, सगळ्यांचाच आला. ती माया नव्हती सुभद्रे. ते बह्याडपण होतं, निव्वळ खुळेपणा, आणि तो तू शिकवून ठेवलेला होता.

म्हणून लिहायला बसले. माझी चौथी झालेली आहे, तेवढ्यावर लिहिते. तुला वाचता येणार नाही हे मला माहीत आहे. होतीस तेव्हाही येत नव्हतं. रडायचं तेवढं रडून झालं. भांडण बाकी आहे.

मी या गावात आले तेव्हा माझ्या डोक्यात चौथीची फार हवा होती. आमच्या सासरी शेत थोडं, माणसं पुष्कळ. थोड्या शेतवाल्यांच्या बाया तेव्हा सावडीनं निंदायच्या. आज हिच्या शेतात सगळ्या, उद्या तिच्या शेतात सगळ्या. सासूनं हातात खुरपं दिलं आणि म्हणाली, "सुभद्रीच्या मांगं जाय." तू तेव्हा माझ्यापेक्षा थोडीच मोठी होतीस, पण बाया तुझं ऐकत. धुऱ्याला लागून असलेली पहिली पात तुझी. मालक धुऱ्यावरून तुला एकटीला सांगायचा, काय ठेवायचं आणि काय काढायचं. मग तू वाकायचीस, आणि तू जे उपटलं ते शेजारची उपटायची, ते पाहून तिच्या शेजारची. मालकाचा शब्द असा बायांच्या हातांतून शेवटपर्यंत जायचा. तोंडातून एक अक्षर न काढता.

मला तू मधात उभं केलंस. नवी बाई मधातच उभी राहणार, ही तुझी रीत. दोन्हीकडून जाणत्या बाया असल्या की ती चुकत नाही.

मी चुकले नाही, पण तोंड बंद ठेवलं नाही. हे कोणतं गवत? हे काहून ठेवायचं? कुंदा मुळासकट का काढायचा आणि दुसरं वरवर का? शाळेत मास्तर विचारलं की सांगायचे. तू उभी राहिलीस, कमरेवर हात ठेवलास आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "माया तोंडाकडं पाहू नको, पोरी. हाताकडं पाह्य."

बाया हसल्या. माझे कान तापले. मी त्या दिवशी पुन्हा बोलले नाही.

पण दुपारी सगळ्यांच्या पाती संपल्या, आणि मी अर्ध्यात. हाताला फोड, पाठ मोडलेली. मला वाटलं, आता बसून हसतील. तू भाकरीकडं गेली नाहीस. माझ्या पातीच्या दुसऱ्या टोकाला गेलीस आणि तिकडून निंदत माझ्याकडं आलीस. मधात आपली गाठ पडली. तू म्हणालीस, "झालं वं काशे. ऊठ." माझं नाव तुला कुणी सांगितलं होतं मला माहीत नाही. सासरी तोवर मला कुणी नावानं हाक मारली नव्हती.

हे सामोरं येणं तुझ्या टोळीत कुणाला शिकवावं लागलं नाही. जिची पात आधी संपली ती मागं राहिलेलीच्या सामोरं जायची. दुसऱ्या टोळ्यांत आधी सुटली ती झाडाखाली बसायची. मोठ्या शेतवाल्यांनी हे पाहिलं आणि तुला बोलावणं धाडायला लागले. सावडीची टोळी मग रोजानं जायला लागली. एक जण म्हणाला, धडधाकट बाया तेवढ्या घेऊन ये, म्हातारी आणि पोटुशी नको. तू म्हणालीस, "आख्खी टोळी येईन. नाही तं खुरपं घ्या अन तुमीच या." त्यानं आख्खी घेतली. त्याच्या रानात गवत गुडघ्याला लागलं होतं, करतो काय?

त्याच वर्षी मानोऱ्याच्या बाजारात एका बांगडीवाल्यानं मला विचारलं, कोणाकडची वो बाई? मी सासऱ्याचं नाव सांगायला हवं होतं, नाही तर गावाचं. मी म्हटलं, "सुभद्राबाईच्या टोळीतली." तोंडातून निघून गेलं. नवरा मागंच उभा होता. घरापर्यंत माझ्या दहा पावलं पुढं चालला. मलाही वाटलं, हे मी काय बोलले. माहेरी मी मास्तरांची हुशार पोरगी होते, सासरी धाकटी सून होते, आणि या दोन्हींपेक्षा हे तिसरं कधी मोठं झालं ते मला कळलंसुद्धा नाही. तू ते केलंस असंही म्हणता येत नाही. तू तर फक्त निंदत होतीस.

पुढं तू मला शेवटची पात दिलीस. पहिली तुझी, शेवटची माझी. कुणी मागं राहू नये हे पाहणं माझं काम. नर्मदा म्हणायची, "मोर सुभद्राबाई, मांगं काशीबाई, मधात आमी मेंढरं." ती गमतीनं म्हणायची. ते खरंच होतं.

मानमोडीच्या तापाच्या साथीनं आपली टोळी अर्धी नेली. त्या वर्षी कुणाच्या घरी कुणी रडायचं हेच कळत नव्हतं. शेतं उभी होती आणि हात नव्हते. तू नाल्यापलीकडं बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेलीस आणि तांड्यातल्या बाया घेऊन आलीस. मी म्हटलं, त्यांचं पाणी वेगळं, बोलणं वेगळं, त्या दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून कामामागं जातात. आपण त्यांना शिकवायचं आणि त्यांनी निघून जायचं, हा कोणता धंदा? तू म्हणालीस, "मी रिठदची. मी बी परकीच आली होती इथं. तू बी." मी म्हटलं, लग्न होऊन येणं वेगळं. तू म्हणालीस, "खुरप्याले काय मालूम तुयं लगन झालं का नाही?"

त्या बाया भाकर खायला दुसऱ्या बाभळीखाली बसायच्या. तू दोन्ही बाभळींच्या मधात उन्हात बसायचीस आणि दोन्हीकडच्यांच्या शिव्या खायचीस. आमच्या म्हणायच्या, ही बाटली. त्यांच्या म्हणायच्या, ही आमच्यावर नजर ठेवून आहे. एकदोन हंगाम गेले आणि मी शेवटच्या पातीवरून पाहिलं तर घागऱ्यावरून नि हातभर पांढऱ्या बांगड्यांवरून, त्यांच्या बलियांवरूनच काय ते कळत होतं की कोण कुठली. खुरप्याची चाल सगळ्यांची एक झाली होती. ती तुझी चाल होती. खुरपं आडवं घालून मनगट जरासं मुडपायचं. माझंही मनगट तसंच मुडपतं. आता लिहितानासुद्धा लेखणी तशीच धरली आहे, मास्तरांनी पाहिलं असतं तर हातावर छडी दिली असती.

हे सगळं चांगलं होतं. मी नाही म्हणत नाही. पण ज्यानं आपण बनलो त्यानंच आपण फसलो, हे तुला कळलं तेव्हा उशीर झाला होता, आणि मला ते तुझ्यानंतरच नीट कळलं.

तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू येऊन राहिला होता. मी तुला सांगितलं. अकोल्याला डोळे कापून देतात, चल म्हणाले. तू म्हणालीस, "मेल्यावर पाहीन अकोला." मी म्हटलं, तुला दिसत नाही. तू म्हणालीस, "माया हाताले दिसते." आणि खरंच, धुरा तुला पावलानं कळायचा, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बोटानं कळायची. पण रानभेंडी आणि अंबाडी कोवळी असताना डोळ्याला धूसर झाली की एकसारखी लागते. चार पानांची असताना चांगल्या डोळ्यालाही घाई झाली की चुकवते. तूच आम्हाला शिकवलं होतं, शंका आली तर पान चावून पाह्य, आंबट लागलं तर ठेव.

मागच्या साली, याच वामनरावाच्या शेतात, पऱ्हाटीत मधूनमधून अंबाडी टोचलेली होती. भाजीला आणि दोराला त्याच्या बायकोनं लावलेली. त्यानं धुऱ्यावरून तुला सांगितलं असणार, अंबाडी ठेव. तू वाकलीस आणि रानभेंडी समजून अंबाडी उपटत निघालीस. शेजारच्या बाईनं पाहिलं. तिला वाटलं, मालकानं नको म्हटलं असेल. तिनं उपटली. तिच्या शेजारचीनं उपटली. असं करत करत ते माझ्यापर्यंत आलं आणि मीही उपटली. पान ओळखलं, हातात धरलं, मनात म्हटलं, बायकोशी भांडला वाटते हा वामनराव, आणि टाकून दिलं.

दुपारी वामनराव आला.

"अंबाडी कोठी गेली वो?"

सगळ्या खुरप्याची माती झाडायला लागल्या.

"अवं, मी बोलून राह्यलो. अंबाडी कोठी गेली?"

"तुमीच काढा म्हटलं ना," नर्मदा म्हणाली.

"म्या? म्या कवा म्हटलं? घरात भाकर खाऊ देईन काय बायको मले आता?"

मग सगळ्यांनी तुझ्याकडं पाहिलं. तू धुऱ्यावर उभी होतीस, हात अंबाडीच्या रसानं हिरवे. तू एक बोट उचललंस, चाटून पाहिलंस. तुझं तोंड असं झालं की मी दुसरीकडं पाहिलं.

तेवढ्यात मधल्या पातीतून सोनी म्हणाली, "म्या इचारलं होतं."

सोनी तांड्यातली, नवी नवरी होऊन आलेली, टोळीत आल्याला थोडेच दिवस झाले होते. तिनं शेजारचीला विचारलं होतं, अंबाडी काहून उपटता? शेजारचीनं सांगितलं होतं, "चूप. मोरून उपटत येऊन राह्यलं." झालं. मोरून, पहिल्या पातीकडून, येतं ते खरं. सगळ्या शेतात एकटीनं विचारलं, कारण विचारायचं नसतं हे तिला अजून कळलेलं नव्हतं.

वामनरावानं आदळआपट केली आणि गेला. तू बायांकडं वळलीस. मला वाटलं, तू माफी मागशील. तू म्हणालीस, "मले दिसत नाही, हे तुमाले दिसलं नाही काय वो?"

मी म्हटलं, "म्या तुले सांगतलं होतं."

"मले सांगतलं. टोळीले काहून नाही सांगतलं?"

सुभद्रे, त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, आता देते. टोळीला सांगणं म्हणजे तुला पहिल्या पातीवरून उठवणं. ते मी करणार नव्हते, आणि पुन्हा तशी वेळ आली तरी करणार नाही. तू म्हणशील, म्हणूनच अंबाडी गेली. जाऊ दे गेली तर. हे तुझं आणि माझं कधीच मिटलं नाही आणि आता मिटायचंही नाही.

त्यानंतर तू नवी रीत काढलीस. मधातल्या नव्या बाईनं विचारलंच पाहिजे. दिसलं ते मोठ्यानं बोललंच पाहिजे. ज्या तोंडानं तू मला पहिल्या दिवशी गप्प केलं होतंस, त्याच तोंडानं म्हणालीस, "हाताकडं पाहा अन तोंडानं इचारा." मला हसू आलं. रागही आला. आयुष्यभर एक शिकवायचं आणि म्हातारपणी उलटं. मी म्हटलं, "तोंड चालते तवा हात थांबते." बायांना तर खेळच झाला. सूर्य काहून उगवला वो? नर्मदी काहून शिंकली वो? पुढची अमावस्या यायच्या आत ते विझून गेलं. सगळ्यांच्या माना पुन्हा तुझ्या हाताकडं. सवय अशी तुझ्या एका सांगण्यानं मोडत नाही, ती तुझ्या एका सांगण्यानं लागलीही नव्हती.

आणि मग तू म्हणालीस, पहिली पात सोनीला द्यायची.

मी नाही म्हटलं. सोनी तांड्यातली म्हणून मी नाही म्हटलं, असं नर्मदीनं सगळीकडं सांगितलं. तसं नव्हतं. निदान पुरतं तसं नव्हतं. मी म्हटलं, जी दिवाळीनंतर निघून जाते तिच्या हातात धुरा द्यायचा कसा? कापूस वेचणीच्या वेळी कोण उभं राहणार? तू म्हणालीस, "वेचणीले दुसरी उभी राहीन. पात काय वतन हाय?" मी म्हटलं, एकदा विचारलं म्हणून कुणी पुढारी होत नाही. तू म्हणालीस, "मंग कायनं होते? डोळे फुटल्यानं?" त्यावर मी उठून गेले. तू मागून हाक मारलीस, मी वळले नाही. दुसऱ्या दिवशी तूच सकाळी दारात, "चाल वं," जशी काही बोलणंच झालं नव्हतं. तू अशीच. भांडण अर्ध्यात ठेवायचीस आणि कामाला लागायचीस. या आषाढात ताप आला तेव्हाही तेच. मला वाटलं, हिचा ताप उतरू दे, मग बोलते.

आता बोलते आहे.

तुझ्या तेरवीला तांड्यातल्या बाया आल्या होत्या, दूर बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी निंदणीला आल्या नाहीत. आमच्या बाया म्हणाल्या, पाहा, सुभद्राबाई गेली आणि यांची माया गेली. मलाही तसंच वाटलं. त्या दिवशी तुझी पात सोडून आम्ही निंदलो, पुढच्या दिवशीही सोडून निंदलो. संध्याकाळी माझी पात सगळ्यांच्या मागं राहिली. आता वय झालं, राहतेच. मी वर पाहिलं. समोरून कुणी येत नव्हतं. बाया धुऱ्यावर बसून तुझ्याबद्दल बोलून रडत होत्या. तुझ्यासाठी रडत होत्या आणि तुझी रीत विसरल्या होत्या. मी एकटीनं पात संपवली. माझ्या पाठीत जे दुखलं ते दुखलंच, पण त्याहून जास्त मला भीती वाटली. ही टोळी आता टोळी नाही. या ओळीनं उभ्या राहणाऱ्या बाया आहेत. चार महिन्यांनी त्या ओळीनंही उभ्या राहणार नाहीत, आणि मग मला बाजारात कुणी विचारलं तर मी काय सांगू, कोणाकडची?

सकाळी मी नाल्यापलीकडं गेले. तांड्यावर मी कधी गेले नव्हते, तू नाल्याच्या काठावरून हाक द्यायचीस तेवढंच ठाऊक. सोनी अंगणात खुरप्याला धार लावून राहिली होती. पोर पाठीला बांधलेलं. मला पाहून उठली नाही.

"वाट चुकल्या काय काशीबाई?"

"काहून आल्या नाही वो तुमी कामाले?"

"हाक कोनी देल्ली?"

 रोज सकाळी तू हाक द्यायचीस, आणि त्या यायच्या. तू गेलीस. हाक देणं कुणाचं काम आहे हे आम्ही कुणी विचारलंच नाही, कारण ते पहिल्या पातीचं काम. त्या हाक यायची वाट पाहत होत्या. आम्ही त्यांची वाट पाहत होतो. मधात नाला.

"चाल," मी म्हटलं. "पहिली पात रिकामी हाय."

"मंग?"

"मंग काय मंग. तू घे."

"काहून?"

"काहून म्हंजे? ते मेली म्हून."

"ते मले मालूम हाय. मले काहून म्हन्ता? तुमी तं नाही म्हणत होत्या. मले सगळं मालूम हाय."

 मी पदराचं टोक कमरेला खोचलं. मग म्हटलं, "त्या दिवशी तू एकलीनं इचारलं होतं. म्हून."

तिनं खुरप्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. "अन दिवाळीबाद आमी गेलो मंग?"

"तवाचं तवा पाहू. चालते का नाही?"

"उलसक थांबा. पोराले सासूजवळ देऊन येते."

ती घरात गेली, मी दारातच उभी राहिले. तिच्या सासूनं पाणी पुढं केलं. मी प्याले. ऊन फार होतं.

नर्मदीनं सोनीला पहिल्या पातीवर पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "काशीबाई, तुमचं डोस्कं फिरलं काय?" मी म्हटलं, "तुले घ्याची होती तं परवाच घ्याची होती. घेतली काय?" वामनराव धुऱ्यावर आला आणि मला सांगायला लागला, काय ठेवायचं. मी आभाळाकडं पाहिलं. "मले कायले सांगता? पहिल्या पातीले सांगा." तो थोडा घुटमळला. मग सोनीजवळ जाऊन पुटपुटला आणि गेला. मी पार शेवटच्या पातीला. काय म्हणाला मला ऐकू आलं नाही.

वाकलो. घटकाभर सगळं ठीक चाललं. मग पाहते तर माझ्या शेजारी नर्मदीनं अंबाडीचं एक रोप उपटून टाकलं. माझ्यापुढंही एक होतं. सुभद्रे, खरं सांगते, माझा हात गेला. रोप मुळासकट हातात आलं. डोळे माझेही आता तुझ्यासारखेच होत आहेत, म्हणून मी पान तोडून तोंडात टाकलं. आंबट. वामनरावाच्या बायकोला अंबाडी नको झाली असं एका सालात काय झालं? मनात आलं, मोरून आलं आहे, असेल काही. आणि मग तुझं हिरवं बोट आठवलं, तू चाटून पाहिलेलं.

मी उभी राहिले आणि या टोकावरून त्या टोकाला ओरडले, "सोनेऽऽ! अंबाडी काहून उपटली वोऽऽ?"

सगळी ओळ थांबली. सोनी उभी राहिली. तिच्या हातात एकच रोप होतं.

"कोनी इचारते का, ते पाहून राह्यली होती," ती म्हणाली. "मालकानं ठेव म्हटलं हाय."

मग जी शिव्यांची बरसात झाली ती तू ऐकायला हवी होतीस. नर्मदी तर खुरपं फेकून उठली. "पराया शेतात कायचा तमाशा वो? लाज नाही वाटत?" सोनी म्हणाली, "म्या एक उपटली. तुमी सगळ्याइनं उपटली. लाज कोनाची?" मीही तिला दोन शब्द सुनावले. मालकाचं पीक हे आपल्या परीक्षा घ्यायची जागा नाही, असं म्हटलं, आणि ते मी अजूनही म्हणते. मग सगळ्यांनी आपापलं रोप ओल्या मातीत परत रोवलं. जगतील तेवढी जगतील. पण नंतर दिवसभर दर थोड्या वेळानं कुणीतरी काहीतरी विचारत होतं, आणि या खेपेला कुणी हसत नव्हतं.

दुपारी भाकरी सोडल्या. सोनी दिसेना. नर्मदी म्हणाली, रुसली वाटते. मी पाहिलं तर ती आम्ही परवा सोडलेल्या तुझ्या पातीत शिरली होती. खाली बसली की गवत तिच्या कमरेला लागत होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरीनं हात लावला असता तर बाया भांडल्या असत्या. तिला कुणी काही म्हणालं नाही, सगळ्या नुसत्या पाहत राहिल्या.

मी भाकर बांधून ठेवली. नर्मदी उठायला लागली, तिला म्हटलं बस, आणि तुझ्या पातीच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिकडून निंदत निघाले. कुंदा फार माजला होता, मूळ निघेना. तू दोन आठवडे गेलीस काय आणि तुझ्या जागेवर काय काय उगवलं, मला तुझ्यावर चिडायला कारणच पाहिजे होतं आणि ते मिळालं. शिव्या देत देत पुढं सरकले. कधीतरी समोरच्या गवतातून बलियांचा आवाज यायला लागला. मग तिचं खुरपं दिसलं. मनगट मुडपलेलं.

गाठ पडली तेव्हा तिनं घाम पुसत वर पाहिलं. तिला वाटलं असेल मी अजून रागावणार. मला रागवायचंही होतं.

"झालं वं सोने," मी म्हटलं. "ऊठ."

आम्ही धुऱ्यावर आलो तोवर बायांच्या भाकरी संपल्या होत्या आणि ऊन कललं होतं. ठरलेलं रान त्या दिवशी पुरं झालं नाही. तोंड चालतं तेव्हा हात थांबतो, हे मी म्हटलं होतं ना? थांबला. तेवढं माझं खरं निघालं सुभद्रे. बाकीचं तुझं.